द्राक्षमळ्यांवर पोसलेलं इस्पितळ

फ्रान्सच्या पूर्वेला बर्गंडी प्रांतात बोन नावाचं वीसेक हजार वस्तीचं गाव आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी तिथे त्या वर्षीच्या नव्या वाइनचा लिलाव होतो. आलेला पैसा कुणा मालकाच्या खिशात जात नाही. तो गावच्या इस्पितळाला जातो. हा लिलाव १८५९ पासून चालत आलाय, आणि ज्या द्राक्षमळ्यांची ही वाइन, ते एकेक करून इस्पितळाच्या नावावर व्हायला लागले त्याला साडेपाचशे वर्षं होऊन गेली.

मी वाइन पीत नाही. माझी सगळी नोकरी सरकारी इस्पितळात झाली, आधी स्टाफ नर्स आणि मग वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून. माहेर दिंडोरी तालुक्यातलं, त्यामुळे द्राक्षाचा वेल, त्याची छाटणी, डावणी रोगाची धास्ती आणि अवकाळीच्या ढगांकडे लागलेले डोळे हे सगळं लहानपणापासूनचं. मुलगी लियाँला नोकरीला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे होते. ‘आई, पॅरिसला जायचं की बोनला?’ असं तिने विचारलं आणि बोनला काय आहे तेही सांगितलं. इस्पितळ आणि द्राक्षं एकाच ठिकाणी म्हटल्यावर मला विचार करावा लागला नाही.

गोष्ट १४४३ पासून सुरू होते. फ्रान्स आणि इंग्लंडमधलं शतकभराचं युद्ध अजून धुमसत होतं. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १४३५ मध्ये आरासचा तह करून फ्रान्सच्या राजाशी भांडण मिटवलं होतं, पण तहाने सैनिकांचा पगार बंद झाला आणि बेकार सैनिकांच्या टोळ्या गावोगाव लुटत फिरायला लागल्या. त्यात दुष्काळ, त्यात प्लेग. बोनमधल्या बहुतेक घरांत खायची ददात होती. ड्यूकचा मुख्य मंत्री निकोला रोलँ हा मोठा हिकमती माणूस. सरदार घराण्यातला नव्हे, वकिली करून वर चढलेला. आरासच्या तहाच्या वाटाघाटी करणाऱ्यांत तो प्रमुख होता आणि या सगळ्या धामधुमीत स्वतः अफाट श्रीमंत झाला होता. ४ ऑगस्ट १४४३ या दिवशी त्याने आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ हिने गरिबांसाठी इस्पितळ बांधण्याची सनद केली. पुढे फ्रान्सचा राजा झालेला अकरावा लुई याबद्दल म्हणे असं बोलला की, रोलँने इतक्या लोकांना भिकेला लावलं होतं की त्यांच्यासाठी घर बांधणं त्याला भागच होतं. असेलही. त्याचा हेतू काय होता यापेक्षा सनदेत त्याने काय लिहिलं, ते मला महत्त्वाचं वाटतं.

त्याने इमारतीचा खर्च दिलाच, शिवाय सालँच्या मिठागरांच्या उत्पन्नातून दरसाल १,००० लिव्ह्र इतकं वर्षासन इस्पितळाला लावून दिलं. म्हणजे पहिला दगड बसायच्या आधी, पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी चूल कशी पेटेल याची सोय झाली होती. मी नोकरीत असताना कितीतरी उद्घाटनं पाहिली. फीत कापली जाते, भिंतीवर संगमरवरी पाटी बसते, फोटो निघतात. वर्षभराने त्या यंत्राचा सुटा भाग बिघडतो आणि त्याच्यासाठी पैसे कुठल्या खात्यातून काढायचे हे कुणालाच ठाऊक नसतं. मी काम केलेल्या एका इस्पितळात दान म्हणून आलेले मॉनिटर देखभालीच्या कराराअभावी चादरीखाली झाकून ठेवलेले असायचे, आणि आम्ही बोटांनी नाडी मोजायचो. यंत्राला दाता मिळतो, दुरुस्तीला मिळत नाही. म्हणून रोलँच्या त्या वर्षासनाची ओळ वाचली तेव्हा हा माणूस मला एकदम कळला.

१ जानेवारी १४५२ रोजी पहिला रुग्ण दाखल झाला. इमारतीचं नाव ओतेल-द्यू, देवाचं घर. रस्त्यावरून पाहिलं तर साधी राखाडी भिंत आणि उतरतं छप्पर. आतल्या चौकात पाऊल टाकलं की लाल, पिवळ्या, हिरव्या आणि तपकिरी चकाकत्या कौलांची नक्षी डोळ्यांत भरते. पण मला ओढ होती ती वॉर्डाची. गरिबांचं दालन असंच त्याचं नाव. जवळजवळ ५० मीटर लांब, १४ मीटर रुंद, छत १६ मीटर उंच. दोन्ही बाजूंच्या भिंतींना लावून लाकडी पलंगांच्या रांगा, दोन्ही मिळून तीसेक. प्रत्येक पलंगाला लाल पडदे, लाल पांघरूण, शेजारी खुर्ची आणि छोटं टेबल. मध्ये लांब बाकं आणि जेवणाची टेबलं. छताच्या तुळयांच्या टोकांना रंगवलेली अक्राळविक्राळ जबडे वासलेली तोंडं.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मुलगी पुढे गेली, परत आली. मी पलंगांतलं अंतर पाहत होते. एका पलंगावर दोन रुग्ण झोपवायचे, हे तिथल्या माहितीत ऐकलं, आणि त्यात मला विचित्र वाटण्यासारखं काही नव्हतं. डेंग्यूच्या दिवसांत आमच्याकडेही एका कॉटवर दोघं आणि खाली सतरंजीवर तिसरा असायचाच. पडद्यांचं मला जास्त अप्रूप वाटलं. बेडपॅन द्यायचं असो, कुणाचा शेवटचा श्वास चाललेला असो, शेजारच्या रुग्णाने ते पाहू नये, एवढी जाणीव पंधराव्या शतकातल्या माणसांना होती. आमच्या वॉर्डात फिरता पडदा एकच होता आणि तो नेहमी दुसऱ्या वॉर्डाने नेलेला असे.

दालनाच्या टोकाला प्रार्थनामंदिर आहे, मध्ये नक्षीदार लाकडी जाळी. पलंगावर पडल्या पडल्या रुग्णांना प्रार्थना ऐकू यावी, अशी ती योजना. तिथल्या वेदीसाठी रोलँने रोजिए वान देर वेडन या मोठ्या चित्रकाराकडून शेवटच्या निवाड्याचं चित्र करून घेतलं होतं. आता ते शेजारच्या वेगळ्या खोलीत, मंद उजेडात ठेवलंय. नऊ फळ्यांचं प्रचंड चित्र. मध्ये पांढऱ्या झग्यातला देवदूत मायकेल तराजू धरून उभा, एका पारड्यात पुण्य, दुसऱ्यात पाप. पापाचं पारडं खाली गेलेलं आहे. उजव्या बाजूला नरकाकडे जाणारी माणसं आहेत, आणि त्यांना ओढून नेणारा एकही राक्षस चित्रात नाही. ती आपणहून, एकमेकांना ओढत, कोसळत चालली आहेत. एकोणिसाव्या शतकात या नग्न देहांवर कुणाला तरी कपडे रंगवावेसे वाटले होते, ते नंतर काढून टाकले.

आजारी माणसापुढे असं चित्र ठेवावं का, असा प्रश्न मला पडला. मी ठेवलं नसतं. पण एरवी या फळ्या मिटलेल्या असत आणि रविवारी व सणाच्या दिवशीच उघडत. मिटलेल्या फळ्यांवर जे दिसायचं ते फार वेगळं आहे. निकोला आणि गिगोन गुडघे टेकून बसलेले, आणि मध्ये दोन संत, सबॅस्टियन आणि अँथनी. पहिल्याचा धावा प्लेगमध्ये करत. दुसऱ्याचा धावा करत तो राय धान्यावरच्या बुरशीने होणाऱ्या विषबाधेत, ज्यात हातपाय जळजळत आणि काळे पडून झडत. म्हणजे आठवड्याचे बहुतेक दिवस रुग्णाच्या नजरेसमोर त्याच्याच रोगाचा वाली असायचा. हे ठरवणाऱ्या माणसाला रुग्ण कळत होता.

बाकीची दालनं मी भराभर पाहिली, औषधशाळा सोडून. तिथे १७८२ सालच्या चिनीमातीच्या बरण्या ओळीने मांडल्या आहेत आणि बाजूला काचेच्या. कशात खेकड्याच्या जातीच्या जिवाचे डोळे, कशात किड्यांची पूड, एकीत नक्स व्होमिका, म्हणजे आपला कुचला. माझे आजोबा वैद्याकडून शुद्ध केलेला कुचला आणायचे, आणि इतक्या दूरच्या फडताळात त्याची बरणी दिसल्यावर मी मुलीला हाक मारून दाखवली. या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्ण होते. मी नर्सिंगला गेले त्याच्या थोडंच आधीपर्यंत. मग गावाबाहेर नवं इस्पितळ झालं, त्याला ड्यूक फिलिपचंच नाव आहे, आणि जुनी वास्तू संग्रहालय झाली. संस्था मात्र तीच. तिचं नाव ऑस्पिस द बोन. तिच्याकडे इस्पितळ आहे, वृद्धांसाठीची घरं आहेत, नर्सिंगचं शिक्षण देणारी शाळा आहे, आणि मळे आहेत.

मळ्यांकडे वळते. मिठागराचं वर्षासन होतं, पण इस्पितळ वाढत गेलं ते लोकांच्या देणग्यांवर. १४५७ मध्ये गिमेत लेव्हर्निये नावाच्या बाईने पहिला द्राक्षमळा दिला. त्यानंतर कुणी मृत्युपत्रात लिहून, कुणी बरं होऊन घरी गेल्यावर, कुणी आईवडिलांच्या नावाने जमीन दिली. बर्गंडीत द्राक्षाची जमीन म्हणजे सोनं. तिथे एकाच टेकडीच्या उतारावर दहा पावलांच्या अंतराने मातीचा पोत बदलतो आणि त्याबरोबर वाइनचा भाव. या तुकड्यातुकड्यांच्या मळ्यांना २०१५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. अशी सुमारे ६० हेक्टर, म्हणजे दीडशे एकर जमीन आज इस्पितळाकडे आहे, आणि तिच्यातला मोठा भाग सगळ्यात वरच्या प्रतीच्या तुकड्यांचा आहे. लोकांनी पडीक, नकोशी झालेली जमीन देऊन टाकलेली नाही. घरातलं उत्तम ते दिलं.

आणि अनेक दात्यांची आठवण त्यांच्या मळ्याच्या वाइनच्या नावात आहे. निकोला रोलँ नावाची वाइन आहे, गिगोन द सालँ नावाची आहे. तिथे रुग्णसेवा केलेल्या सिस्टरांच्या नावाची आहे, ते नाव यादीत वाचून माझा ऊर भरून आला. डॉक्टर पेस्त यांच्या नावाची आहे, त्यांच्या लेकीने वडिलांच्या स्मरणार्थ मळा दिला. मॉरिस द्रुआँ यांच्या नावाची आहे. हे बोनमधले वाइनचे व्यापारी आणि इस्पितळाच्या कारभारी मंडळींपैकी एक. १९४४ मध्ये जर्मन गेस्टापो त्यांना धरायला आली तेव्हा ते आपल्या घराखालच्या तळघरांतून निसटले आणि गाव मुक्त होईपर्यंत याच इस्पितळात लपून राहिले. त्यांनी दिलेला मळा आजही इस्पितळ कसतं.

मळे मी पाहिले, आणि बागायतदाराची मुलगी म्हणून बारकाईने पाहिले. आमच्याकडे वेल मांडवावर किंवा वायच्या आकाराच्या तारांवर डोक्याच्या उंचीला नेतात. तिथे तो माझ्या कमरेएवढासुद्धा नव्हता. एका हेक्टरात १०,००० वेल, इतके दाट की मधून ट्रॅक्टर जाऊ शकत नाही, त्यासाठी ओळींच्या वरून पाय फाकून चालणारा उंच ट्रॅक्टर असतो. आमच्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि माल जानेवारी ते मार्च. तिथे वेल हिवाळाभर झोपतो, छाटणी थंडीत एकदाच, आणि काढणी सप्टेंबरात, हाताने. लाल वाइनसाठी पिनो न्वार हे लहान, काळं, पातळ सालीचं द्राक्ष. पांढऱ्यासाठी शार्दोने. मळ्यांवर वीसेक बागकामगार आहेत. प्रत्येकाकडे ठरलेले तुकडे असतात, त्यांची वर्षभराची जबाबदारी त्याची, आणि पगार इस्पितळाचा. २०१५ पासून वाइन करण्याची सगळी जबाबदारी लुदिव्हीन ग्रिव्हो यांच्याकडे आहे. इतक्या शतकांत त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या बाई.

काढणी झाली की दोनच महिन्यांत लिलाव. म्हणजे विकली जाते ती तयार वाइन नव्हे, ओकच्या लाकडी पिंपात नुकतीच भरलेली, अजून कच्ची वाइन. एका पिंपात २२८ लिटर, जवळपास तीनशे बाटल्यांचा ऐवज. घेणाऱ्याने ते पिंप घरी न्यायचं नसतं. बर्गंडीतल्याच एखाद्या वाइनव्यापाऱ्याकडे ते मुरायला ठेवायचं, वर्ष-दीड वर्ष, कधी जास्त. मग बाटलीवर इस्पितळाचं नाव, दात्याचं नाव आणि शेवटी घेणाऱ्याचं नाव, अशी तिन्ही नावं एका कागदावर येतात.

१८५९ च्या आधी ही वाइन खासगीत, ओळखीपाळखीने विकली जायची. उघड लिलाव सुरू झाला आणि त्याची जुनी रीत मेणबत्तीची. लहानशी मेणबत्ती पेटवायची. ती जळत असेतो बोली चढत राहायची. ती विझली की दुसरी पेटवायची, आणि ती विझताना ज्याची बोली सगळ्यात वर, त्याचं पिंप. आता हे प्रतीकापुरतं उरलंय. बराच काळ फक्त व्यापारीच बोली लावू शकत. २००५ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाकडे काम गेलं तेव्हापासून सामान्य माणसांनाही दार उघडलं, आणि २०२१ पासून सदबीजकडे ते काम आहे. आता जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून फोनवर, इंटरनेटवर बोली येते. काही मित्र वर्गणी काढून एखादं पिंप घेतात.

२० नोव्हेंबर २०२२ चा तो रविवार. ओतेल-द्यूच्या समोर जुना झाकलेला बाजार आहे, त्यात लिलाव. आम्ही आत गेलो नाही. बाहेरचं गाव पाहिलं, आणि गावच जास्त पाहण्यासारखं होतं. गल्ल्या माणसांनी भरलेल्या. चीज घातलेले गरम फुगीर पावासारखे गोळे, गोगलगायींच्या टोपल्या, हॅमच्या वड्या, वाफाळते रस्से. मी शाकाहारी, त्यामुळे ते गोळे खाल्ले, दोनदा. आदल्या दिवशी मळ्यांमधून अर्ध-मॅरेथॉन धावून गेलेली मंडळी पदकं गळ्यात घालून फिरत होती. म्हातारी माणसं काळ्या टोप्या घालून बाकांवर बसली होती, पोरं बापांच्या खांद्यांवर. आमच्याकडे ग्रामदैवताच्या जत्रेत जसं सासुरवाशिणी, नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेले, सगळे परततात, तसे तिथले लोक या आठवड्याला परततात, असं मुलीच्या ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं.

त्या वर्षी ८०२ पिंपं विकली गेली आणि इस्पितळाच्या नावावर सुमारे ३ कोटी युरो जमा झाले, तेव्हाच्या दराने अडीचशे कोटी रुपये. तोवरचा हा उच्चांक. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, एप्रिलातल्या कडाक्याच्या थंडीने कोवळे कोंब जळाले होते आणि पिंपं साडेतीनशेच्या आसपासच निघाली होती. हे ऐकताना मला भावाची आठवण झाली. गारपिटीचं वर्ष आणि गारपिटीनंतरचं वर्ष, हा हिशेब त्याला तोंडपाठ आहे. इस्पितळाचं उत्पन्न आभाळावर अवलंबून ठेवणं शहाणपणाचं का, असं कुणी विचारेल. पण एका खराब वर्षाने मळा संपत नाही, आणि इथे तर साडेपाचशे वर्षांत युद्धं झाली, क्रांती झाली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुळांना लागलेल्या किडीने फ्रान्सभर वेल वाळले. नवे लावले. जमीन जागेवर होती.

लिलावात एक पिंप मानाचं असतं. त्याचे पैसे इस्पितळाला नाही, बाहेरच्या सेवाभावी संस्थांना जातात, आणि बोली चढवायला सिनेमा-टीव्हीतली माणसं पुढे येतात. त्या वर्षी ते कॉर्तोंच्या मळ्यातल्या लाल वाइनचं पिंप होतं. ते ८ लाख १० हजार युरोला, म्हणजे पावणेसात कोटी रुपयांच्या आसपास गेलं. पैसे दोन संस्थांना मिळाले: एक कॅन्सर झालेल्या मुलांसाठी काम करणारी, दुसरी जगभरच्या गरीब मुलांसाठी काम करणारी. इस्पितळ स्वतः दानावर जगतं आणि त्यातून पुन्हा दुसऱ्याला देतं, ही गोष्ट मला फार भावली.

लिलाव एका दिवसाचा असला तरी सोहळा तीन दिवसांचा. शनिवारी क्लो द व्हूजो या जुन्या गढीत वाइनप्रेमींच्या मंडळाची मेजवानी असते. त्या गढीचे मळे मध्ययुगात मठवासी भिक्षूंनी लावलेले. सोमवारी मर्सो गावात जेवण, १९२३ पासूनचं. तिथे येणारा प्रत्येकजण आपली बाटली आणतो आणि शेजाऱ्याला ओततो. काढणी संपल्यावर मालकाने मजुरांना जेवण घालायची जुनी पद्धत होती, तिच्यातून ते आलं. शेजारच्या न्यूई-सां-जॉर्ज गावातही १९६१ पासून मार्च महिन्यात तिथल्या इस्पितळासाठी असाच लिलाव होतो, जरा लहान.

आता माझ्या मनातली अडचण. मी नोकरीत दारूची काय रूपं पाहिली ते लिहायला बसले तर हा अंक पुरायचा नाही. पोटात पाणी झालेले, रक्ताच्या उलट्या करणारे, तिशी-पस्तिशीतले पुरुष. त्यांच्या बायका, ज्यांना आम्ही काय सांगायचं हे आम्हालाच कळायचं नाही. इस्पितळाने वाइन विकून रुग्णांची सेवा करावी, हे मला पहिल्यांदा ऐकताना रुचलं नव्हतं आणि आजही पूर्ण रुचलेलं नाही. फ्रान्समध्येही हा प्रश्न विचारला जातो. १९९१ पासून तिथे एव्हिन कायदा आहे, दारूच्या जाहिरातींवर त्याने कडक बंधनं घातली आहेत. पंधराव्या शतकात वाइन हे रोजच्या जेवणातलं पेय होतं, रुग्णाला औषधासोबतही दिलं जायचं, हे खरं. आज ते कारण पुरत नाही. वाइन आरोग्याला चांगली म्हणून बोनचं कौतुक करा, असं मी कुणाला सांगणार नाही. मिठागर असतं, भाताचं शेत असतं, आंब्याची बाग असती, तरी मी एवढ्याच आनंदाने लिहिलं असतं. मला मोलाची वाटते ती दानाची रीत.

कारण ही रीत आपल्याकडे नवी नाही. देवळातल्या नंदादीपाच्या तेलासाठी इनाम जमिनी होत्या, अन्नछत्रासाठी वर्षासनं होती, धर्मशाळांसाठी गावांचं उत्पन्न लावून दिलेलं असायचं. आपल्या पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं की दिवा रोज लागायचा असेल तर तेलाची सोय रोजची हवी. इस्पितळांच्या बाबतीत मात्र हे का झालं नाही, कोण जाणे. मुंबईचं जे. जे. रुग्णालय जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८४५ साली उभं राहिलं, पुण्याचं ससून १८६७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून. मोठी मनं होती त्यांची, लाखो लोकांचे जीव तिथे वाचले. पण पुढचा रोजचा खर्च सरकारने करायचा, हेच गृहीत धरलं गेलं, आणि सरकारच्या अंदाजपत्रकात गॉझ आणि हातमोजे नेहमी शेवटी येतात. बोनमध्येही पगार आणि उपचार मुख्यतः देशाच्या आरोग्य विम्यातूनच भागतात. मळ्यांचा पैसा लागतो तो नव्या इमारतीला, नव्या यंत्रांना, जुनी वास्तू टिकवायला. पण तो दरसाल येतो. कुणाच्या दारी जाऊन मागावा लागत नाही.

हे सगळं गोड गोड वाटू नये म्हणून एक संवाद सांगते. त्या चीजच्या गोळ्यांच्या दुकानाच्या रांगेत एक निवृत्त नर्स भेटल्या, याच संस्थेतून निवृत्त झालेल्या. मुलगी दुभाषी झाली. नर्स म्हटल्यावर दोन नर्सा जे बोलतात तेच आम्ही बोललो: रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती जणी? मी आमचा शस्त्रक्रियेनंतरचा वॉर्ड सांगितला, चाळीसवर रुग्ण आणि आम्ही दोघी. त्यांनी मुलीला तो आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाल्या, ‘आमच्याकडे परिस्थिती बरी आहे, पण कोविडनंतर पोरी नोकरी सोडून चालल्यात. लिलावाने चांगलं यंत्र येतं हो. ते चालवणारे हात लिलावात मिळत नाहीत.’ त्यांच्या बोटांचे सांधे माझ्यासारखेच सुजलेले होते. वर्षानुवर्षं रुग्णांना कुशीवर वळवल्याने होतात तसे.

परत आल्यावर मी भावाशी बोलले. आमच्या तालुक्याच्या इस्पितळाजवळच आमची एकरभर बाग आहे. तिचं दरसालचं उत्पन्न बाळंतपणाच्या वॉर्डाला लावून द्यावं, असं माझ्या मनात आहे. जमीन विकायची नाही, पैसे एकदम द्यायचे नाहीत, बाग कसायची आणि येईल ते द्यायचं. भावाने नाही म्हटलं नाही. ‘ताई, द्यायला हरकत नाही,’ तो म्हणाला, ‘पण फवारणी कोण करणार? मजुरी कुठून? गारा पडल्या तर त्या वर्षी वॉर्डाला काय सांगायचं? आणि आपल्यानंतर पोरांनी ती बाग सांभाळली नाही तर?’ प्रश्न सगळे रास्त होते. बोनमध्ये बागकामगाराला पगार इस्पितळ देतं आणि जमीन इस्पितळाच्याच नावावर असते. म्हणजे आधी विश्वस्त संस्था हवी, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी हवी, तिचे विश्वस्त रुग्णालयाशी आणि शेतीशी दोन्हीशी जाणते हवेत. ओळखीच्या वकिलांनी कागद करून द्यायची तयारी दाखवली आहे. गावातल्या आणखी दोन बागायतदारांनी ‘आधी तुमचं होऊ द्या, मग बघू’ असं म्हटलंय. वर्षभर बाग अंगावर घेणारा माणूस अजून मिळालेला नाही, आमचं घोडं सध्या तिथे अडलंय. गोडी छाटणीच्या आत तो शोधायचा, असं भावाने आणि मी ठरवलं आहे.